ओव्हनमध्ये वारा नसतो

पेया, ५ नोव्हेंबर

प्रिय शेगा,

हे पत्र कागदावर आलेलं पाहून तुला नवल वाटेल. फोनवरून पाठवलेले माझे अकरा निरोप तुला मिळालेले दिसत नाहीत. तुझी सादेतेकाकू म्हणते, "मिळाले नाहीत असं नाही, तिनं तुला अडवून ठेवलंय. करता येतं तसं." टपालाच्या पेटीला अशी सोय नसावी, या भरवशावर लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये तू तिकडे स्वित्झर्लंडमध्ये फ्लिया भाजतानाचा व्हिडिओ टाकलास आणि त्याखाली मी अभिप्राय लिहिला. त्या अभिप्रायाचा विपर्यास झाला, असं माझं मत आहे. अडतीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. चूक दिसली की तिला क्रमांक द्यायचा, क्रमांकापुढे कारण द्यायचं, ही माझी पद्धत. तिच्यामागे आपुलकी असते हे माझ्या विद्यार्थ्यांना कळत असे. निदान पास झाल्यावर तरी कळत असे.

तर माझे मुद्दे शांतपणे पुन्हा मांडतो. तुला हे सगळं ठाऊक आहे हे मला माहीत आहे, पण पायापासून सुरुवात केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

फ्लिया भाजते ती वरून. अंगणातल्या विस्तवावर साच तापवायचा, म्हणजे ते घुमटासारखं जड लोखंडी झाकण, आणि कडीला आकडा लावून ते परातीवर आणून ठेवायचं. परातीत पळीनं पातळ पिठाच्या रेघा ओढलेल्या असतात, मध्यापासून काठापर्यंत, सूर्याच्या किरणांसारख्या. दोन रेघांमध्ये मुद्दाम जागा सोडायची. रेघा भाजल्या की वरून साय आणि लोण्याचा हात फिरवायचा आणि पुढच्या थरात ती सोडलेली जागा भरून काढायची. असे वीस-बावीस थर, चार-पाच तास. यात लोखंड पिठाला कुठेही शिवत नाही, तरी पीठ खरपूस होतं. नववीला उष्णतेचं प्रारण शिकवताना मी दर वर्षी हेच उदाहरण देत असे, आणि दर वर्षी घंटा होण्याआधीच वर्गाला भूक लागत असे.

तू साचाऐवजी ओव्हन वापरलास. साय न घेता नुसतं लोणी लावलंस. थर चौदाच केलेस. पीठ गाळलं नाहीस. आणि पाचवा मुद्दा, जो मला सर्वांत गंभीर वाटला: प्रत्येक थरानंतर तू परात पाव वळसा फिरवत होतीस. आपल्या खोऱ्यात परात कोणी फिरवत नाही. परात जागची हलत नाही, साच ये-जा करतो. ही लकब तू कोणाच्या तरी व्हिडिओतून उचलली असावीस, असं मी लिहिलं. यात रागावण्यासारखं काय आहे, ते मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

काकूनं भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चार बरण्या तुम्हा सर्वांसाठी पाठवल्या आहेत. एकीवर तुझं नाव आहे.

तुझा,
रुस्तेमकाका

पेया, १४ डिसेंबर

प्रिय शेगा,

उत्तर आलं नाही. त्याऐवजी तुझ्या वडिलांचा फोन आला. बायराम माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. एरवी तो माझ्याशी आवाज चढवत नाही.

"रुस्तेम, पोरीनं साठ व्हिडिओ काढून टाकले," तो म्हणाला. "साठ. तीन वर्षांचं काम होतं ते."

"मी तर एका फ्लियाबद्दल बोललो होतो."

"तू शेवटी काय लिहिलं होतंस, ते वाच ना जरा मोठ्यानं. मी ऐकतोय."

मी वाचलं नाही. माझ्या मागच्या पत्रातही ते नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पाचच मुद्दे सांगून मी थांबलो होतो, जणू कागद तिथेच संपला होता. आज लिहितो. मुद्द्यांखाली माझी एक ओळ होती: 'ही शात्सींची फ्लिया आहे, आपली नव्हे.'

जर्मनी-स्वित्झर्लंडहून उन्हाळ्यात चकचकीत गाड्या घेऊन येणाऱ्या आपल्याच माणसांना इथे सगळे पाठीमागे शात्सी म्हणतात. तिकडे नवरा-बायको एकमेकांना लाडानं तशी हाक मारतात, तिची ही टवाळी. मीही कॉफी पिताना कितीदा म्हटलं असेल. तुझं बालपणीचं प्रत्येक जुलै या अंगणात गेलं, आणि तुझ्यासमोर हा शब्द मी कधी उच्चारला नाही. एवढी अक्कल मला होती. मग फोनवर ती कुठे गेली? समोर माणूस नसला की जीभ सैल सुटते, एवढंच मला सुचतं. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे.

माझ्या ओळीला चार हजार लोक हसले. त्यांतले निम्मे तरी माझे विद्यार्थी असावेत. मास्तरांनी नापास केलं म्हटल्यावर प्रत्येकानं आपापला लाल शेरा मारला. 'शात्सी, आधी भाषा शीक.' 'शात्सी, तू आपली चॉकलेटं बनव.' मी ते सगळं वाचलं, शेगा, आणि दोन दिवस मी खूश होतो. हे मी सादेतेलाही सांगितलेलं नाही.

बायरामनं मला आणखी काही सांगितलं. तू ज्या दातांच्या दवाखान्यात काम करतेस, तिथे पेशंट तुझं आडनाव वाचून विचारतात, तू मूळची कुठली. इथे आलीस की दुकानदार तुझे उच्चार ऐकून तेच विचारतो. "व्हिडिओत बोलावं लागायचं नाही तिला," तो म्हणाला. "नुसते हात दिसायचे. म्हणून तर सुरू केलं होतं तिनं."

मग त्यानं जुलैचं सांगितलं. आर्ताच्या लग्नाला तो आणि तुझी आई येतील, तू येणार नाहीस. तू म्हणालीस म्हणे, "तिथे माझं काही नाही."

तुम्ही दोघी चुलत बहिणींनी सात वर्षांच्या असताना ठरवलं होतं, की जिचं लग्न आधी होईल तिच्या लग्नाची फ्लिया दुसरीनं करायची. माझी मुलगी ते विसरलेली नाही. हे पत्र लिहिताना ती शेजारच्या खोलीत आहे आणि माझ्याशी फार कमी बोलते.

'तिथे माझं काही नाही.' एखादं विधान चुकीचं आहे असं मला वाटत असेल, तर ते खोडून काढण्यासाठी पुरावा देण्याचं काम माझं. तो कुठून आणावा, हे मला अजून सुचलेलं नाही.

काका

पेया, ९ मार्च

प्रिय शेगा,

मी फ्लिया केली.

हे वाक्य लिहायला मला अडुसष्ट वर्षं लागली. त्यांतली निम्मी वर्षं तरी मी फ्लियावर भाषणं देत आलो, पण हातात पळी काल पहिल्यांदा घेतली. लग्न असो, ईद असो, पाहुणे असोत, आम्ही पुरुष आत बैठकीच्या खोलीत बसायचो आणि फ्लिया ताटात यायची वेळ झाली की बाहेर यायचो. चार-पाच तास अंगणात काय चालतं ते मला तत्त्वतः माहीत होतं.

हेतू अजून पुरता शुद्ध नव्हता, हे कबूल करतो. माझे पाच मुद्दे प्रयोगानं सिद्ध करायचे, म्हणजे निदान विज्ञानाच्या बाजूनं मी बरोबर ठरेन आणि मग माफी फक्त त्या एका शब्दाची मागता येईल, असा माझा हिशेब होता.

बर्फ वितळून अंगण मोकळं झालं होतं. बाक काढले, विस्तव केला. सादेते शाल पांघरून पायरीवर बसली, कारण इतकी करमणूक तिला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

"रुस्तेम, ते किरण आहेत की सांडलंय?"

"पीठ पातळ झालं आहे."

"पीठ शहाणं आहे. हात बघ स्वतःचा."

चौथ्या थराला माझ्या लक्षात आलं, की नदीच्या बाजूचा भाग करपतो आहे आणि घराच्या बाजूचा पांढरा राहतो आहे. मी वहीत टिपण ठेवत होतो. पाचव्या थराला तेच. सहाव्याला साच कमी वेळ ठेवला, तर पांढरा भाग अधिकच कच्चा राहिला. नवव्या थराला नदीकडची बाजू कोळसा झाली, आणि आम्ही ते सारं शेजारच्या कुत्र्याला घातलं. त्यानं घराकडची बाजू खाल्ली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आपलं घर बरोबर घळीच्या तोंडाशी आहे. वरून वारा येतो तो थेट अंगणातून नदीकडे जातो. विस्तवाच्या ज्वाळा नदीकडे झुकतात, साच त्या बाजूला जास्त तापतो आणि त्याच दिशेनं परातीवर येऊन बसतो. हे भौतिकशास्त्र सातवीचं आहे.

पण मग एक प्रश्न उरतो, आणि तो मला काल दुपारपासून सोडत नाही. याच अंगणात, याच वाऱ्यात, तुझी आजी पन्नास वर्षं फ्लिया करत होती. सादेते तेव्हा आत पीठ कालवायची, आणि आईनंतर इथे फ्लिया झालीच नाही. माझ्या आईची फ्लिया एका बाजूनं करपलेली मी कधी खाल्ली नाही. कधीच नाही. ती काय करत होती?

रुस्तेम

पेया, १७ मार्च

प्रिय शेगा,

मी हायरिये आजींकडे गेलो होतो. पुलापलीकडच्या, तुला लहानपणी अक्रोड द्यायच्या त्या. त्या आता शहाऐंशीच्या आहेत आणि अजूनही मला, सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला, झादेचा पोरगा म्हणतात.

मी वही उघडली आणि वाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "अरे पोरा, तुझी आई परात फिरवायची."

मी वही मिटली.

"अख्ख्या गावात ती एकटी. आमच्याकडे वारा लागत नाही, आम्हाला काय गरज? तुमचंच अंगण मेलं वाऱ्याच्या तोंडात. आम्ही हसायचो तिला. म्हणायचो, झादे, चाक फिरवतेस, कुठवर गेली ग तुझी गाडी? ती म्हणायची, तुम्ही बसा, मी चालले बाजाराला."

"मी कधी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"तू कशाला बघशील? तू आत बसून बापयांना पृथ्वी कशी फिरते ते सांगायचास." मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी तिचे हात दुखायचे. तेव्हा ती तुझ्या भावाची पोरगी फिरवायची. लाल सँडलवाली. म्हातारी ओतायची आणि पोरगी फिरवायची. कोणाला हात लावू द्यायची नाही ती."

शेगा, घरी येताच हे लिहायला बसलो आहे.

आता मी तुला जे सांगणार आहे ते मला नीट, क्रमानं सांगू दे, कारण याहून महत्त्वाचं काही मी आजवर कोणाला शिकवलेलं नाही, आणि ते मी तुझ्याकडून शिकलो आहे.

ओव्हनमध्ये वारा नसतो. वरची तार सगळीकडे सारखी तापते. विंटरथूरला तुझ्या चौथ्या मजल्यावर, बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात, परात फिरवायला कोणतंही कारण नाही. तरी तू प्रत्येक थरानंतर ती फिरवलीस. चौदा वेळा. ते कोणत्याही व्हिडिओत दिसणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला त्याची गरज पडत नाही. पलीकडच्या काठावरच्या हायरिये आजींनाही पडली नाही. ते जगात एकाच ठिकाणी शिकता येतं. या अंगणात, विस्तवाच्या नदीकडच्या बाजूला, माझ्या आईशेजारच्या बुटक्या बाकावर बसून.

जी खूण पाहून मी तुला परकी ठरवलं, ती तू इथली असल्याची खूण होती. माझ्याजवळ याहून बळकट पुरावा नाही, आणि तो तूच ऑगस्टमध्ये चार मिनिटांच्या व्हिडिओत सर्वांसमोर मांडला होतास. मी या घरात जन्मलो, आईच्या हातचं आयुष्यभर खाल्लं, आणि मला तो वाचता आला नाही.

पाचवा मुद्दा मी मागे घेतो. उरलेल्या चारांची मला आता लाज वाटते. त्या शब्दाबद्दल मी तुझी माफी मागतो. त्याला कोणतंही कारण जोडत नाही.

मात्र ही माफी बंद पाकिटात आहे आणि अपमान उघड्यावर झाला होता. हे बरोबर नाही. त्यावर विचार करतो आहे.

रुस्तेमकाका

पेया, ४ एप्रिल

प्रिय शेगा,

तुला कदाचित कोणी दाखवला असेल. नसेल, तर सांगतो: मी एक व्हिडिओ टाकला आहे. तुझे व्हिडिओ तू काढून टाकल्यामुळे माझी ओळही त्यांच्याबरोबर गेली; दुरुस्ती जोडायला मूळ पानच उरलं नाही. म्हणून नवीन पान.

चित्रण सादेतेनं केलं. पहिल्या तीन वेळा माझं डोकं दिसत नव्हतं.

"डोकं कशाला हवंय? हात दाखवायचेत ना?" ती म्हणाली.

"मला चूक कबूल करायची आहे. चूक कबूल करणाऱ्याचं तोंड दिसायला हवं."

"मग दाढी तरी कर."

दाढी करून मी पुन्हा बाकावर बसलो, आणि बावीस थर केले. वारा सुटला होता. मला तो हवाच होता. आधी परात न फिरवता तीन थर करून दाखवले, करपलेली बाजू कॅमेऱ्याजवळ नेली. मग फिरवून. मग मी सांगितलं, की हे माझ्या आईचं तंत्र, माझ्या आईकडून ते फक्त माझी पुतणी शेगा शिकली, तिनं ते जपलं, आणि मास्तर रुस्तेमनं तिला सर्वांसमोर शात्सी म्हटलं. मी म्हणालो, "माझं ऐकून तुम्ही हसलात. तेव्हा माझं ऐकून आता थांबा."

सगळे थांबले नाहीत, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. एकानं लिहिलं, 'मास्तर, पळी बायकोला द्या आणि फळ्याकडे जा.' एकानं लिहिलं, 'तुम्ही आम्हाला चुकलेलं वाक्य शंभर वेळा लिहायला लावायचात. आता तुमची पाळी.' त्याचं म्हणणं न्याय्य होतं. मी वही घेतली आणि 'माझी पुतणी इथलीच आहे' हे लिहायला बसलो. छप्पन्नाव्या वेळेला सादेते म्हणाली, "पुरे, जेवायला चल, वाक्य कुठे पळत नाही." जेवून उरलेली चव्वेचाळीस लिहिली.

आणि दुसरं काहीतरी सुरू झालं, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. माल्मोहून एका बाईंनी लिहिलं, की त्यांची आई पळीऐवजी पत्र्याच्या पेल्यानं ओतायची, कारण युद्धात घर जळलं तेव्हा तेवढाच हाती लागला. आज घरात सहा पळ्या आहेत, तरी त्या पेल्यानंच ओततात. स्टुटगार्टच्या एका माणसानं लिहिलं, की तो साय लावताना मध्यावर बोट टेकवतो आणि का ते त्याला माहीत नाही. त्याच्याखाली इथल्याच डेचानच्या एका म्हातारबाईंनी लिहिलं, 'मला माहीत आहे. तू कोणाचा?' तीन दिवसांत ते मावशी-भाच्याचं नातं निघालं.

मी रोज सकाळी कॉफी घेऊन हे वाचतो. मी समजत होतो, व्हिडिओ म्हणजे माणसं जिथे खरं विसरून दुसऱ्याचं उचलतात ती जागा. आता मला दिसतं, की प्रत्येकाच्या हातात कुठल्या तरी अंगणाचा एक तुकडा राहून गेला आहे, त्यांना स्वतःला तो ओळखता येत नाही, आणि दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय तो कळतही नाही. तुझे साठ व्हिडिओ मी पुन्हा पाहू शकलो असतो तर त्यांत काय काय सापडलं असतं, याचा विचार करतो. ते तू कुठे तरी ठेवले असशील, अशी आशा आहे. मागत नाही. आशा सांगितली.

तुझा,
रुस्तेमकाका

पेया, २० मे

प्रिय शेगा,

काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या व्हिडिओखाली तुझा अभिप्राय आला. सादेतेनं तो मोठ्यानं वाचला, मग आर्तानं वाचला, मग पुलापलीकडे जाऊन हायरिये आजींना वाचून दाखवला. मी तो वहीत उतरवून घेतला आहे:

'काका, काही मुद्दे. १. पळी फार उंच धरतोस, म्हणून किरण तुटतात. २. पीठ अजूनही जाड आहे. ३. काकूला सांग, फोन आडवा धर. ४. तू परात उजवीकडे फिरवतोस. आजी डावीकडे फिरवायची. जुलैत दाखवते.'

तुझ्या भाषेत दोन चुका आहेत. त्या कोणत्या, हे मी सांगणार नाही. माझ्या स्वभावाचा विचार करता ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी भेट समज.

पहिले तीन मुद्दे मान्य आहेत. चौथ्यावर मी दोन दिवस काम केलं. काल उजवीकडे, आज डावीकडे. वारा तोच, विस्तव तोच, थर सारखे. भाजण्यात काहीही फरक पडत नाही. पडायला नकोच, कारण पाव वळसा कोणत्याही बाजूनं पाव वळसाच असतो. मग डावीकडेच का? हायरिये आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, फिरवायची हे आठवतं, कुठे ते कोण बघतंय. सादेते लग्न होऊन आली तेव्हापासून आईला पीठ कालवून देत होती, पण आतूनच. तिलाही सांगता आलं नाही. बायरामला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "मी पण आतच बसायचो ना, तुझ्याशेजारी."

म्हणजे या घरात, या गावात, ही गोष्ट आता फक्त तुला माहीत आहे. कारण असेल तर तेही तुझ्याकडेच असणार. आणि कदाचित ते अगदी साधं असेल: तू तिच्या डाव्या हाताला बसायचीस, आणि ती परात तुझ्याकडे लोटायची.

हे माझं अनुमान आहे. तपासलेलं नाही. आर्ता म्हणते, मी तुझ्या आधी उत्तर काढायचा प्रयत्न करू नये, म्हणून इथे थांबतो.

बुटका बाक माळ्यावरून काढला, त्याचा एक पाय बसवून घेतला. तो विस्तवाच्या नदीकडच्या बाजूला ठेवला आहे. मी समोरच्या पायरीवर बसेन, वही घेऊन. आत जाणार नाही.

रुस्तेमकाका